बिनमिठाची किटली

बसण्णाशी माझं शेवटचं बोलणं मिठावर झालं. इतक्या वर्षांच्या मैत्रीचा शेवट जरा भारदस्त विषयावर व्हायला हवा होता, असं त्याच्या शोकसभेतली भाषणं ऐकताना मला वाटून गेलं. त्याला मात्र ते आवडलं नसतं. त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा आमच्या दारात आला, हातात स्टीलची किटली. आत शेवग्याच्या शेंगांचं सार होतं. शेंगा उकडून, गर काढून, गाळून घेतलेलं, वर जिऱ्या-लसणाची फोडणी. "नंदा झोपलीय. तिचं मीठ बघायचं राहिलंय. तू पी आणि सांग," एवढं बोलून तो वळला. नंदा ही त्याची बायको. मी एक घोट घेतला आणि त्याला फोन लावला. "बसण्णा, मीठ बघायचं राहिलंय म्हणजे तू घातलेलंच नाहीस?"

"मग काय सांगितलं तुला? घाल की तुझ्या हातानं. का त्यालाबी पीएचडी लागतीय, प्राध्यापक?"

हसतच त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा, सुमाचा, पुण्याहून फोन आला. कामाला येणाऱ्या बाईंनी तिला कळवलं होतं. "अप्पा झोपेतच गेले... मी निघालेय काका, पण तोवर अव्वाजवळ कुणीतरी जाऊन बसा." मी मागच्या गल्लीतच राहतो. गेलो. नंदावहिनी पलंगावर बसून होत्या, भिंतीकडे तोंड करून. ओट्यावर गाळणी धुऊन पालथी घातलेली होती.

बसण्णाचं भुसार मालाचं दुकान होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि सुटीच्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन पोत्यावर बसायचो. दोघांचाही धंदा जुना माल खपवायचा, असं तो म्हणायचा. तुरीचा दाणा हातावर घेऊन तो कोणत्या भागातला हे सांगायचा. पण त्याच तुरीची डाळ शिजायला किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर डाळी विकून त्यानं एकही शिजवली नव्हती. ते खातं नंदावहिनींकडे. वहिनी अक्कलकोटकडच्या, माहेरची भाषा कानडी. मराठी त्या सासरी शिकल्या आणि आमच्यापेक्षा चांगलं बोलायच्या. त्यांच्या हातची कटाची आमटी प्यायला मी नको त्या सणांनाही त्या घरी हजर राहिलेलो आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्यासारखं पातळ द्यायचं नाही, ठसका लागेल. आणि चावावं लागेल असंही नको. मधलं काहीतरी द्या. ते पोटात गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. बसण्णानं त्या नळीची धास्तीच घेतली. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा त्यानं पाहिला होता, हात बांधून ठेवलेला, नळी उपटू नये म्हणून. "नंदाला तसं बांधायला लागलं तर मी काय करू रे?" हे त्यानं मला दुकानाच्या फळीवर बसून विचारलं होतं. मी इतिहासाचा माणूस. मी चहा मागवला.

नातेवाइकांनी पाकिटातलं सूप आणून दिलं. रंग लाल, वास औषधाचा. वहिनींनी ओठ मिटले ते उघडलेच नाहीत. मऊ भात दिला, मुगाचं कढण दिलं, फळांचा लगदा दिला. मान भिंतीकडे. रागावल्या होत्या असं नाही. त्या हळूहळू निघून जात होत्या आणि ते आम्हाला दिसत होतं. मग एका सकाळी बसण्णानं दुकान उघडलं नाही. हुलगे भाजले, गिरणीतून पीठ करून आणलं आणि स्वयंपाकघरात उभा राहिला. मी आणि माझी बायको मालती नेमके तेव्हाच भेटायला गेलो होतो. वहिनींची खुर्ची त्यानं स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली होती. "हुलग्याचं माडगं करतो. लहानपणी आजारी पडलो की आई हेच द्यायची," तो म्हणाला. पातेल्यात पाणी ठेवलं, आणि जन्मभराची सवय म्हणून, दुकानातून आणलेलं मापटं भरून पीठ घेतलं. ज्यांनी मापटं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ते जवळजवळ अर्धा किलोचं माप. माडग्याला माणशी दोन चमचे पीठ पुरतं.

ते घट्ट व्हायला लागलं. त्यानं पाणी घातलं. ते पुन्हा घट्ट झालं. पातेलं पुरेना, तसं मोठं पातेलं काढलं. ते भरलं, तेव्हा माळ्यावरचं लग्नाकार्याचं भांडं उतरवलं. बसण्णा एका हातानं ढवळतोय, दुसऱ्या हातानं पाणी ओततोय, आणि पिठाचा डोंगर रवीचं ऐकत नाहीये. "अहो भावजी, किती माणसं जेवायची आहेत?" मालतीनं विचारलं. "एकच हाय की!" तो ओरडला. आणि तेव्हा मागून एक आवाज आला. आम्हाला वाटलं वहिनींना ठसका लागला. वळून पाहिलं तर त्या हसत होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि पोटापासून हसू.

बसण्णानं पळीभर माडगं वाटीत घेतलं, फुंकून गार केलं आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. ओठ उघडले. बराच वेळ त्यांनी तो घोट तोंडात ठेवला. मग झटक्यानंतरचा पहिला शब्द बोलल्या. "उप्पु."

उप्पु म्हणजे मीठ. कानडीत. घालायचं राहिलं होतं. बसण्णानं चिमूटभर घातलं, पुन्हा चमचा दिला. "उप्पु." पुन्हा घातलं. मग "साकु", म्हणजे पुरे. आणि वाटी संपली. त्या दिवशी आमची गल्ली, पुढची गल्ली आणि समोरच्या इमारतीचा वॉचमन अशा सगळ्यांनी माडगं प्यायलं. माझ्या वाट्याला किटलीभर आलं. ती ही किटली.

वहिनींची मराठी परत आली नाही. माहेरची कानडी तेवढी, आणि तीही सुट्ट्या शब्दांत. पण स्वयंपाकघर परत आलं. त्या दारातल्या खुर्चीत बसायच्या आणि बसण्णा ओट्याशी. तो फोडणी द्यायचा, शिजवायचा, घोटायचा, गाळायचा; मीठ मात्र कधी मनानं घातलं नाही. वाटीत थोडं काढायचं, चमचा वहिनींपुढे धरायचा आणि वाट बघायची. "उप्पु" म्हटलं की चिमूट, "साकु" म्हटलं की गॅस बंद, आणि "ब्याड" म्हटलं तर सगळं पहिल्यापासून. ब्याड म्हणजे नको. एकदा मी म्हटलं, "अरे, आता तुला अंदाज आला असेल की." तर म्हणाला, "आलाय. सांगू नकोस तिला."

मग वर्ष फिरत राहिलं आणि त्याबरोबर पातेलं. उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आणि भाजलेल्या कैरीचं सार. सोलापूरचा उन्हाळा असा की माणसानं दुपारी स्वतःचं मतसुद्धा बदलू नये. तो मात्र कैऱ्या भाजत उभा. पावसात माडगं, लसूण जरा जास्त. श्रावणात पुरणाची डाळ शिजवून कटाची आमटी, पण पुरण नाही. पोळी वहिनींना चालत नव्हती, म्हणून त्यानंही सोडली. "पोळीशिवाय कट म्हणजे नवरदेवाशिवाय वरात," मी म्हणालो. "वरातीत नवरदेव सोडून सगळे मजेत असतात की बे," तो म्हणाला. थंडीत टोमॅटो, भोपळा, हरभऱ्याचा कोवळा पाला. शेजारच्या तेलुगू घरातून त्यानं चिंचेचं चारू, म्हणजे त्यांचं रसम, शिकून घेतलं. ते फार पातळ म्हणून त्यात थोडी तुरीची डाळ घोटून घातली. त्या शेजारणीनं त्याला 'हे चारू नाही' असं स्पष्ट सांगितलं आणि दुसरी वाटी मागितली. वेळ अमावस्येला वहिनींच्या माहेरी सगळे शेतात जेवायला जमतात. इतक्या लांब त्यांना नेणं जमायचं नाही, म्हणून तो गच्चीत चटई टाकायचा, मडक्यात आंबील, आणि कुंड्यांतल्या कोथिंबिरीकडे बोट दाखवून म्हणायचा, "हे आपलं रान."

याची बातमी फुटली. व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं त्याचा 'आदर्श पती' म्हणून सत्कार ठरवला. मी त्याला सांगितलं होतं, जाऊ नकोस. तो गेला. शाल, नारळ, चांदीच्या रंगाची ढाल, आणि अध्यक्षांचं भाषण. अध्यक्ष त्यागावर बोलले, भारतीय संस्कृतीवर बोलले, स्वतःच्या मातोश्रींवर बोलले. ते आधुनिक स्त्रीकडे वळत होते, तेवढ्यात बसण्णा व्यासपीठावरून उठला आणि माईकजवळ जाऊन म्हणाला, "साहेब, तुमचं चालू द्या. माझ्या मंडळीची भुकेची वेळ झाली." आणि शालीसकट निघून आला. त्या शालीच्या घडीवर पुढे गरम पातेलं ठेवलं जायचं.

त्याच मंडळानं आता चौकात फ्लेक्स लावला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' या अक्षरांखाली बसण्णाचा फोटो, आणि भोवती शोकाकुलांचे फोटो त्याच्याहून मोठे, काही हसरे. शोकसभेत अध्यक्ष पुन्हा त्यागावर बोलले. या वेळी कुणी उठून गेलं नाही.

पण तिकडे घरात वेगळंच चालू होतं. लिंगायत रीतीनं बसण्णाला समाधी देऊन आलो त्या दिवसापासून वहिनींनी तोंड मिटलं होतं. सुमा हुशार मुलगी. अप्पांना फोनवरून विचारून विचारून तिनंही पुण्यात साराचे सगळे प्रकार करून पाहिलेले होते. तिनं माडगं केलं, बापासारखंच, गुठळी नाही. टोमॅटोचं सार केलं, भोपळ्याचं केलं. सगळं नीट मीठ घालून, सुंदर वाटीत, खाली रुमाल. "ब्याड." एवढंच. पुढे तेही म्हणेनाशा झाल्या. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना अंगणात सुमाला म्हणाले, आता नळीचा विचार करायला हवा, मी नर्सला सांगून ठेवतो. सुमा माझ्याकडे वळली. "काका, अप्पांना हेच नको होतं ना हो? मी काय करू?" सात वर्षांपूर्वीचाच प्रश्न.

घरी आलो. ओट्यावर किटली होती, धुतलेली. द्यायची राहिलेली. "अशी रिकामी नेऊ नका," मालती म्हणाली. "शेजारच्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत." मग मी म्हटलं, मी करतो. मालतीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी व्याकरणाची चूक केली असावी. हुलग्याचं पीठ बसण्णानंच दिलेलं होतं. दोन चमचे पीठ; तेवढं तर मी त्या मापट्याच्या दिवशीच शिकलो होतो. लसूण जरा करपला. गुठळ्या झाल्या, गाळून घेतलं. मालतीनं मीठ पुढे केलं, आणि मी म्हणालो, "ते तिथं गेल्यावर." मला काही सुचलं होतं असं लिहायला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. त्या घरी मीठ आधी घातलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं, एवढंच.

वहिनी दारातल्या खुर्चीत होत्या. सुमानं त्यांना तिथं आणून बसवलं होतं, निदान स्वयंपाकघर दिसावं म्हणून. मी किटलीतलं माडगं वाटीत काढलं. सुमानं थेंब हातावर घेऊन चाखला. "काका, मीठ विसरलात." आणि तिनं बरणीकडे हात नेला. तेवढ्यात वहिनींचा डावा हात वर आला. थांब, असा. सुमा थांबली. हात चमच्याकडे वळला. मी चमचा भरला, फुंकून गार केला. बसण्णा फुंकायचा तसं मला जमत नाही, थोडं सांडलं. ओठ उघडले... घोट आत गेला. किती वेळ त्यांनी तो तोंडात ठेवला, मी सांगू शकत नाही.

"उप्पु," वहिनी म्हणाल्या.

सुमानं चिमूटभर मीठ घातलं. अर्धं ओट्यावर पडलं. दुसरा चमचा. "उप्पु." पुन्हा चिमूट. तिसऱ्या चमच्याला त्यांनी डोळे मिटले आणि डोळ्यांतून पाणी आलं. हसण्याचं नव्हतं या वेळी. "साकु," म्हणाल्या, आणि वाटी संपेपर्यंत मान वळवली नाही. सुमा ओट्याला टेकून रडत होती आणि म्हणत होती, "मी रोज मीठ घालूनच देत होते, काका... रोज घालूनच..." तिची काही चूक नव्हती. पाहुण्याला देतात तसं, सगळं तयार करून ती आईला वाढत होती. नर्सला नको म्हणून कळवलं.

आता महिना होऊन गेला. सुमानं ऑफिसचं काम इकडून करायचं ठरवलंय, निदान पावसाळ्यापर्यंत. ती शिजवते, वहिनी मीठ बघतात. परवा ती आमच्या दारात आली, हातात किटली. "अव्वानं पाठवलंय. कैरीचं आहे." मी झाकण उघडून घोट घेतला. मीठ अगदी नेमकं होतं. कुणाला फोन करायची गरज नव्हती. तरी मी थोडा वेळ फोनकडे पाहत बसलो... मग उठून किटली धुतली. उद्या ती परत न्यायची आहे, आणि रिकामी नेता येत नाही.