पगार हाती लागण्याआधी

चार माणसं रोज एकाच टेबलावर डबे उघडतात, तिथे किस्से साचतातच. आमची परळची लॅब नकली दात बनवते. टेबलाच्या एका टोकाला कवळ्या सुकत असतात, दुसऱ्या टोकाला आम्ही जेवतो. गेली तीन वर्षं विषय एकच, कोणाचे पैसे कुठल्या खात्यात पळाले.

सुरुवात माझ्यापासून. वीस तारीख आली की मी कफल्लक. म्हणून दुसरं खातं उघडलं आणि बँकेच्या ॲपमध्ये नियम लावून टाकला, दर दोन तारखेला तीन हजार आपोआप तिकडे. त्या खात्याचं कार्ड आईकडे ठेवायला दिलं. दोनच महिन्यांत मागायला गेले. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला हवंय ते लिहून दे. अर्ज कर."

अर्ज केला. नामंजूर झाला.

*

आमचा गौरव कवळ्यांना पॉलिश करतो. हात भारी सढळ. त्याच्या फोनवर मीच तसाच नियम लावून दिला. पुढच्या महिन्यात तो दादरला बूट घ्यायला गेला, तर पेमेंट होईना. भर दुकानातून त्याने बँकेला फोन लावला. "मॅडम, माझ्या खात्यातून कोणीतरी पाच हजार काढलेत."

पलीकडच्या बाईंनी तपासलं. "सर, ज्यांनी काढले त्यांचंही नाव गौरवच आहे."

*

रिसेप्शनवरची शीतल म्हणाली, "मला कोणी शिकवू नका." तिने दोन नियम लावले. दोन तारखेला चार हजार बचतीत, आणि कमी पडले तर असावेत म्हणून तीन तारखेला चार हजार परत. सहा महिने पैसे नुसते ये-जा करत होते.

"शिल्लक किती?" गौरवने विचारलं.

"होती तेवढीच. पण बिचाऱ्यांना व्यायाम बघ किती झाला."

त्याच दुपारी तिने दुसरा नियम काढून टाकला.

*

गौरव मात्र आपलं दुसरं खातं विसरूनच गेला. मग लालबागला राहणाऱ्या त्याच्या आईच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनचा खर्च ऐकून तो जेवता जेवता कोणाकडून उसने मिळतील याची यादी करत होता. मी म्हटलं, "अरे, ते दुसरं खातं उघडून बघ." त्याने बघितलं, आणि तोंडातला घास तोंडातच राहिला.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर आईने पहिलं हेच विचारलं, "खंयसून इले रे इतके पैसे?"

"माझ्याच खिशातून, आई. मला न विचारता."

*

आता सुनंदाताई. त्या लॅब झाडतात आणि डॉक्टरांकडे दात पोहोचवतात. त्यांचे यजमान विलासराव वीस वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवतात. ताईंचं कार्ड विलासरावांच्या खिशात असायचं, पगार झाला की सगळा तेच काढायचे. ताई माझ्याकडे आल्या. "ते उठायच्या आत काहीतरी झालं पाहिजे."

आम्ही नियम लावला. पगार जमा झाला की अर्धा लगेच दुसऱ्या खात्यात. विलासरावांनी विचारलं, "बाकीचे कुठे गेले?"

"बँकेत नियम आहे," ताई म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं. नियम कोणी केला, ते विलासरावांनी विचारलं नाही.

वर्षभराने त्या पैशातून ताई सकाळी ड्रायव्हिंग क्लासला जाऊ लागल्या. लायसन्स काढलं, टॅक्सी चालवायचा बॅज काढला. मागच्या महिन्यात बँकेने कर्ज मंजूर केलं. जेवणाच्या सुट्टीत हॉर्न वाजला म्हणून आम्ही खाली धावलो, तर नवीकोरी टॅक्सी, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि स्टिअरिंगवर सुनंदाताई.

विलासरावही आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला हात लावून बघितला. मग ड्रायव्हरच्या दाराशी येऊन हात पुढे केला. "चावी दे."

ताईंनी आरशात बघून पदर नीट केला.

"मागे बसा," त्या म्हणाल्या, आणि मीटर टाकला.