ढकलायची सायकल

आधी चहाचे कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या अंगावर सांडला होता, आणि माझ्या फजितीपायी मी काही लोकांचे शर्ट धुऊन देणार नाही!

तर, माझं अवसरी बुद्रुकला शिलाईचं दुकान. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या कमरेनं अशी नाटकं सुरू केली की काय सांगू! मशीनवर वाकून बसलो की सगळं ठीक. गिऱ्हाइकाचं माप घ्यायला ताठ उभा राहिलो की पोटऱ्यांपर्यंत कळा आणि पाय बधिर. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मणक्यातली जागा अरुंद झालीय, नसा दबल्यात. ऑपरेशन करून घ्या."

मणक्याचं ऑपरेशन! अहो, शिंप्याचे पायच गेले तर मशीन कोण चालवणार? मी घाबरलो. सरळच सांगतो, रडायचाच बाकी होतो.

तेवढ्यात एक शोध लागला. सायकलच्या हँडलवर रेलून चाललं की दुखत नाही! झालं. देवळात सायकल, दळणाला सायकल. बसायचं मात्र नाही हं! टांग टाकताना एका पायावर उभं कोण राहणार? लोक विचारायचे, "राव, पंक्चर हाय का?" मी म्हणायचो, "होय." आता वर्षभर कुणाची सायकल पंक्चर असते का?

पण एक किडा डोक्यात वळवळत होता. ऑपरेशन झालेला माणूस दिसतो कसा? चालतो का? महाळुंगे पडवळच्या एका शेतकऱ्याचं झालंय असं कानावर आलं. नाव सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, जाऊन बघूच.

सायकल एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टर म्हणाला, "सायकल हाय तर एष्टी कशाला? आन् एष्टी हाय तर सायकल कशाला?"

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, म्हणून केळी घेतली. गावाबाहेर एकजण फावडं घेऊन कांद्याला पाणी देत होता. एकदम ऑपरेशनचं विचारणं बरं दिसत नाही. म्हणून हळूच विचारलं, "इथं मणक्यानं आजारी कोण आहे हो?"

"आमच्याच घरात हायेत की! ती काय वस्ती. पडवीत खाटंवर पडूनच असत्यात."

पडूनच! तसाच सायकल ढकलत वस्तीवर गेलो.

पडवीत खरंच एक गृहस्थ आडवे, पायावर घोंगडी. मी केळी उशाशी ठेवली. समाचाराला गेल्यावर उसासा टाकायचा असतो. मी टाकला. त्यांनीही टाकला.

"चालता येतं का?"

"कुठलं राव! अंगणापत्तूर जायचं म्हंजी लई झालं."

"आणि ते ऑपरेशन..."

"नाव काढू नगा!" त्यांनी कानाला हात लावला. "लई वंगाळ. मानूस कामातनं जातो."

खुद्द ऑपरेशन झालेला माणूस सांगतोय, मग आणखी कुणाला विचारायचं? चहासुद्धा न घेता उठलो. ठरलं! ऑपरेशन नाही म्हणजे नाही!

परतताना तो फावडंवाला बांधावर ताठ उभा. "झाली का भेट?"

"झाली. वाईट वाटलं हो. ऑपरेशननं पार वाया घालवलं माणसाला."

"कुनाला?"

"तुमच्या घरातल्यांना."

तो फावडं टाकून हसायलाच लागला. "अवो पावणं, आपरेशन माजं झालंय! ते आमचं थोरलं भाऊ. त्यान्लाबी डाक्टरनं तेच सांगितलंय, पर भित्यात. म्हनून तर खाटंवर हायेत!" सदरा वर करून त्यानं पाठीवरचा व्रणही दाखवला.

मी आ वासून बघत राहिलो. मग त्याचं लक्ष माझ्या सायकलकडं गेलं. त्यानं दोन्ही चाकं दाबून बघितली.

"हवा तर हाय. मंग बसत का न्हाई?"

मी उगाचच सायकलची घंटी पुसायला लागलो.

"आमचं थोरलं भाऊबी आदी अशीच ढकलायचं."

घरी आल्या आल्या बायकोनं विचारलं, "बघितलात का तो माणूस? कसा आहे?"

"ठणठणीत! उद्याच पुण्याला जाऊन तारीख घेऊ."

ती खूश. म्हणाली, "आणि केळी दिलीत ना त्याला?"

आता काय सांगू तिला? केळी तर मी माझ्याच उशाशी ठेवून आलो होतो!