एकशे चाळीसचं तिकोनी सँडविच

परवा सकाळी वहिनीने मला एक काम सांगितलं आणि मी उगाच मोठा झाल्यासारखा घरभर फिरलो. आमच्याकडे मला कुणी काम सांगत नाही... मी निघतो एका गावाला आणि पोचतो दुसऱ्याच.

वहिनीला तिसरा महिना चालू आहे. दादा सुरतला नोकरीला, ती इथे कोरीटला आमच्यासोबत. आठवडाभर तिच्या पोटात काही टिकत नव्हतं. आईने कढईत फोडणी टाकली की वहिनी पदर नाकाला लावून मागच्या दारी पळायची. चेहरा पार उतरला होता तिचा.

तर परवा मोबाईल बघता बघता ती हळूच म्हणाली, "भाऊ, ते डबीमातलं तिकोनी सँडविच लई येशात का?"

आईने लगेच मान वर केली. "जाय रे. डोहाये पुरा करना पडतस, नहीतर लेकरूनी लाय गयस. आणि रस्तामा कोठे थांबू नको, तुन्हा काही भरोसा नही शे."

डोहाळे राहिले की मुलाची लाळ गळते... हे आमच्याकडे सगळेच मानतात. मी गाडीला किक मारली.

नंदुरबारच्या अलीकडे मिरच्या वाळत घातल्या होत्या. जमीनच लाल... पार आभाळाला टेकेपर्यंत. मी गाडी बाजूला लावून बघत बसलो. किती वेळ, माहीत नाही. शिंका यायला लागल्या तेव्हा वहिनी आठवली.

नव्या मार्टमध्ये फ्रीजसमोर उभा राहिलो तर गार हवा थेट तोंडावर आली. पारदर्शक डबीत सँडविच नुसतं नटून बसलेलं... पनीर, काकडी, मक्याचे दाणे, सगळं काठोकाठ. किंमत एकशे चाळीस. मी दोन घेतली. एक वहिनीला, एक मला. खरं सांगायचं तर डोहाळे मलाही लागले होते.

परत येताना एका बांधावर बसून माझं उघडलं. वरचा ब्रेड उचलला आणि बघतच राहिलो. सगळा माल दर्शनी कडेला. मागे नुसता पांढरा ब्रेड... एका बाजूने ओला, कोपऱ्यात कडक. मीठ नाही, तिखट नाही, कशाची चवच नाही. आमच्या स्टँडवर वीस रुपयांत भज्यांचा यापेक्षा जड पुडा हातात पडतो.

मग जीव थोडा थोडा झाला. आठवडाभर उपाशी असलेल्या बाईने एवढं एकच मागितलं... आणि मी हे नेऊन देणार? ठरवलं, गावात शिरताना भज्यांच्या गाडीवरून शेव आणि हिरवी चटणी घ्यायची. आत ठासून भरायची. कुणाला कळणारही नाही.

पण वाटेत एका गव्हाच्या शेतात पाणी सोडलेलं होतं. त्यात बगळे... एक पाय उचलायचा, विचार करायचा, मग ठेवायचा. मी पण त्यांच्यासोबत विचार करत राहिलो. भज्यांची गाडी कधी मागे गेली, कळलंच नाही. चटणी आठवली ती थेट आमच्या दारात.

आईने डबी उघडली, ब्रेड वर करून आत डोकावली. "यामा शे काय? कितलाले लयना?"

मी आकडा सांगितला.

"इतला पैसामा आख्खा घरना सयपाक व्हई जास. शहरमा लोके तुले येडा म्हनीसन वळखतस वाटस."

वहिनीने डबी स्वतःकडे ओढली. तिने एक घास घेतला आणि आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता उठेल, मग उठेल... तिने दुसरा घास घेतला. मग तिसरा. बोटाला लागलेला मक्याचा दाणाही खाल्ला.

"भाऊ," ती म्हणाली, "येले वासच नही शे. भलतं बरं लागनं."

आई माझ्याकडे बघायला लागली, मी जमिनीकडे. चटणीचा बेत मी आजवर कुणाला सांगितलेला नाही... इथेच पहिल्यांदा लिहितोय.

काल आईने गावातल्या दुकानातून साधा ब्रेड आणला. काकडी कापली, वर घरचं लोणी... बस. तेल नाही, लसूण नाही. हात सारखा मसाल्याच्या डब्याकडे जायचा आणि ती तो मागे घ्यायची. जन्मात पहिल्यांदा असा स्वयंपाक करत असेल बिचारी.

वहिनीने दोन खाल्ले आणि तिथेच ओट्यावर उन्हात झोपली. इतक्या दिवसांनी पोटात अन्न ठेवून झोपली होती... आई आणि मी अंगणात कुजबुजत बोलत राहिलो.

मार्टवाल्यांनो, एकशे चाळीस रुपये जास्तच आहेत, हे माझं मत बदललेलं नाही. पण तुम्ही आत काही घातलं नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार.