गुडघ्याला डी मायनस

मी गुण देतो. हे माझं काम आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते करायला आवडतं. अंधेरीतल्या एका खेळांच्या वेबसाइटसाठी मी मराठीत लिहितो. बाकी सगळे क्रिकेटवर तुटून पडलेले असतात, त्यामुळे बास्केटबॉल माझ्या वाट्याला आलं. वर्षातून एकदा अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांचा ड्राफ्ट असतो. म्हणजे नव्या खेळाडूंची वाटणी. आदल्या हंगामात ज्यांनी जास्त मार खाल्ला, त्यांना साधारणपणे आधी निवडायचा हक्क मिळतो. कोणत्या संघाने कोणाला उचललं, शहाणपणा केला की जुगार खेळला, यावर मी ए ते एफ असे गुण वाटतो. मुलुंडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून, पहाटे साडेपाचपासून. तिकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते.

यातली एक गोष्ट वाचकांना माहीत नाही. दोन निवडींच्या मध्ये जेमतेम चार-पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात विचार करून कोण लिहिणार? म्हणून आठवडाभर आधीच मी एकेका खेळाडूवर परिच्छेद लिहून ठेवतो. संघाच्या नावाची जागा तेवढी रिकामी. निवड जाहीर झाली की नाव भरायचं आणि साइटवर टाकायचं. गुणसुद्धा बरेचसे आधीच ठरलेले असतात. लोकांना वाटतं, काय झटपट डोकं चालतं या माणसाचं!

गेल्या ड्राफ्टला एक उंच खेळाडू होता. गुडघ्याचं लिगामेंट तुटून वर्षभर घरी बसलेला. त्याला मी एकही अख्खी मॅच खेळताना पाहिलं नव्हतं, नुसत्या क्लिप पाहिल्या होत्या. त्याच्या गुडघ्याबद्दल लिहायचं काय? पण तसाच एक गुडघा माझ्या घरात होता.

माझी मुलगी सतरा वर्षांची. पाचवीपासून बास्केटबॉल खेळते. एका मॅचमध्ये उडी मारून खाली आली आणि डावा पाय वळला. ऑपरेशन झालं, मग दहा महिने घाटकोपरला फिजिओथेरपी. मी प्रत्येक वेळी तिच्याबरोबर जायचो आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिचा पाय बघायचो. दुसरं बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच. त्यामुळे त्या खेळाडूचा परिच्छेद मला एका बैठकीत सुचला. खाली डी मायनस टाकला, म्हणजे नापासाच्या जेमतेम वर. वाक्यं झकास उतरली म्हणून मी स्वतःवर खूशही झालो.

ड्राफ्टच्याच दिवशी सकाळी नऊला तिची निवड चाचणी होती. उपनगराचा अठरा वर्षांखालच्या मुलींचा संघ. मी चारलाच जागा झालो होतो. आठ दिवस माझं एकच पालुपद चाललं होतं, बारावीचं वर्ष आहे, पुढच्या वर्षी बघू. तेही मुलीला नाही, बायकोला. ती वैतागून म्हणाली होती, "तुला काय वाटतं ते तिला सांग. माझं डोकं खाऊ नकोस." मी सांगितलं नव्हतं. टेबलाखाली पाय हलवत, गार झालेला चहा ढोसत मी नावं भरत होतो आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो.

तो उंच खेळाडू मागे मागे घसरत गेला. शेवटी एका संघाने त्याला उचललंच. मी नाव भरलं आणि परिच्छेद साइटवर टाकला. तेवढ्यात मुलगी केस बांधत बाहेर आली. दूध पिता पिता माझे गुण वाचायची तिची दर वर्षीची सवय. तिने मोबाइल उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली.

"उडी मारण्याआधी तो अर्धं पाऊल थबकतो. खाली येताना डाव्या पायावर भार टाकत नाही. गुडघा भरून आला आहे, पण त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नाही. अशा खेळाडूवर निवड घालवणं हा आंधळा जुगार आहे."

तिने ग्लास खाली ठेवला. "बाबा, ह्याचा तर उजवा गुडघा गेला होता."

"चुकलं गं. बदलतो."

"बदल ना. उजवा कर. बाकी सगळं बरोबर आहे की."

"अगं, तसं नाही—"

"तसंच आहे. मला डी मायनस? यार बाबा!"

तिने बूट घातले, बॅग उचलली आणि माझी वाट न बघता निघून गेली. बायको स्वयंपाकघरातून विचारत राहिली, काय झालं म्हणून. मी 'डाव्या' खोडून 'उजव्या' केलं. शेवटच्या काही निवडी बाकी होत्या. उरलेले परिच्छेद ऑफिसला पाठवले, नावं तुम्हीच भरा म्हटलं आणि रिक्षा पकडली.

कोर्टवर तीस-चाळीस मुली होत्या. निवड करणाऱ्या बाई साठीच्या, गळ्यात शिट्टी, हातात वही. मला एका जागी उभं राहवेना. वॉचमनने दोनदा लाइनच्या मागे सरकवलं. बॉल रिंगवर आपटून आला, मुलगी अर्धं पाऊल थबकली, बॉल दुसरीने नेला. पुन्हा तसंच. माझ्या डोक्यात वाक्यं तयार व्हायला लागली आणि मला स्वतःची किळस आली. तिसऱ्यांदा मात्र ती थांबली नाही. सरळ वर गेली, बॉल घट्ट पकडला आणि दोन्ही पायांवर खाली आली. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साडेअकराला बाईंनी नावं वाचली. बारा मुली, मग दोन राखीव. राखीवमध्ये पहिलं नाव हिचं.

आता खरं सांगतो. बारावं नाव दुसऱ्याच मुलीचं निघालं तेव्हा मला आधी हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं. आणि नेमकी तेव्हाच ती माझ्याकडे बघत होती.

परतताना रिक्षा सिग्नलला अडकली. बाहेर बघतच तिने विचारलं,

"तुला बरं वाटलं ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. "हो," मी म्हणालो. "मला भीती वाटते गं. त्या दिवशी तू खाली पडून ओरडत होतीस ना, ते अजून माझ्या कानात आहे. परत नको ते."

"मग हे मला सांग ना. वेबसाइटवर काय सांगतोस?"

रिक्षा सुटली.

"राखीववाल्यांनाही सरावाला बोलावलंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी सहाला."

"सोडायला येऊ?"

"ये. पण लाइनवर उभा राहू नकोस. मला टेन्शन येतं."

दुसऱ्या दिवशी मी लाइनपासून लांब, पायऱ्यांवर बसलो. मोबाइल घरीच ठेवला होता. ती उडीसाठी वाकली की माझे डोळे आपोआप मिटायचे. चार वेळा तसं झालं. पाचव्या वेळी मी पायरीची कड घट्ट धरली आणि ती खाली येईपर्यंत बघत राहिलो.