आईच्या खोलीची भिंत

खोलीत कुबट वास येतो, असं आई मला पावसाळाभर सांगत होती आणि मी तिला पावसाळाभर मातीचं घर श्वास कसं घेतं ते समजावत होतो. डिंगोऱ्याचं आमचं घर मी स्वतः बांधलंय. दगडी जोतं, पायांनी तुडवलेल्या चिखलाच्या दीड हात रुंद भिंती, वर कौलं आणि छपराच्या मागच्या उतारावर सोलरची पॅनेलं. लेण्याद्रीला आलेली माणसं वाट वाकडी करून बघायला येतात. मी त्यांना मागच्या भिंतीवर तळहात ठेवायला लावतो आणि मग तासभर बोलतो.

घट बसायला आठवडा उरला तेव्हा एकदाची तिची कॉट सरकवली. तीच मागची भिंत खाली पोट सुटल्यासारखी फुगली होती. स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा. धावत मागे गेलो, बाहेरून नखाने गेरू खरवडला. आत सिमेंट!

मातीची भिंत पावसात भिजते आणि उन्हात बाहेरून वाळते. तिच्यावर सिमेंट थापलं की आत शिरलेलं पाणी आतच राहतं, आणि भिंतीचा पुन्हा चिखल होतो. हे मी शेकडो लोकांना सांगितलंय. वर्षभर त्याच सिमेंटवर त्यांचे हात ठेवून सांगितलंय.

"आई, हे कुणी केलं?"

ती पायरीवर घेवडा मोडत बसली होती. "मीच. मागल्या वर्साला तू भाषनाला पुन्याला गेला व्हतास, तवा गवंडी बोलावला. वरनं गेरू मारला. म्हन्लं, तुला कळायचं न्हाई."

मी नको नको ते बोललो. अडाणी म्हणालो. जिचा सगळा जन्म भिंती सारवण्यात गेला, तिला मातीतलं काय कळतं, असं मी ओरडून विचारलं. ती शेंगा मोडत राहिली. माझा दम संपल्यावर म्हणाली, "हात वर जात न्हाई रं. दोन वर्सं झाली. मागची भिंत लई धुतली जाती, तिला दोनदा सारवावं लागतं."

तिने उजवा हात उचलून दाखवला. तो खांद्यापाशी येऊन अडकला.

"मग मला सांगायचं ना!"

"तू येवढं लोकान्ला सांगतोस. तुझं खोटं पडाया नको म्हन्लं."

दरवर्षी घट बसायच्या आधी शेणमातीने एकदा सारवलं की झालं, हे माझं पाहुण्यांसमोरचं ठरलेलं वाक्य. कोण सारवतं, हे ना कुणी विचारलं, ना माझ्या डोक्यात कधी आलं. आराखड्यात मी उन्हाचा कोन मोजला होता, वाऱ्याची दिशा मोजली होती. आईचं वय मोजलं नव्हतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त, कारण वरच्या वाशांचा आणि पॅनेलांचा भार त्याच भिंतीवर होता.

शेजारच्या दोघांना बोलावून पॅनेलं उतरवली, वाशांना टेकू दिले. निदान वरची अर्धी भिंत तरी वाचेल म्हणून सिमेंट हळूहळू सोडवायला घेतलं, तर एकेका खपलीबरोबर पाटीभर चिखल खाली येऊ लागला. मी दोन्ही हातांनी तो परत दाबत होतो. त्या दोघांतला एक म्हणाला, "राव, आता सोडा." दुपार कलायच्या आत आईच्या खोलीतून थेट मागचं शेत दिसत होतं.

तोवर आईने पिशवी भरायला घेतली होती. येडगावला मामाचं स्लॅबचं घर आहे.

"दिवाळीपर्यंत नवी भिंत उभी करतो," मी म्हणालो. "मग न्यायला येतो."

"आन् सारवनार कोन?"

"मी सारवीन."

ती डाव्या हाताने लुगड्याची घडी घालायला बघत होती. दोनदा घडी विसकटली, तेव्हा मी पुढे झालो. तिने पिशवी बाजूला ओढून घेतली.