मेलेल्या माणसाची देणगी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझं गुडघ्याचं दुखणं दिवसातून चारदा सांगतो.

सत्तरच्या दशकात प्रताप नगरच्या बाजूला एका ट्रस्टचा धर्मार्थ दवाखाना होता. मी तिथला हिशेबनीस. दरवर्षी आयकराच्या विवरणपत्राला देणगीदारांची यादी जोडायची, ती माझ्याच हातची. माझं अक्षर वळणदार. विश्वस्त चारचौघांत तारीफ करायचे आणि मी फुगायचो.

एका वर्षी अध्यक्षांच्या व्याह्यांनी पिशवीभर रोकड आणून दिली. वाडीला त्यांची गोदामं होती. त्यांचं नाव मात्र कुठेही यायला नको होतं. "बसवा कुठंतरी," अध्यक्ष म्हणाले. मग मी काय केलं असेल? जुने केसपेपर काढले आणि रोग्यांचीच नावं देणगीदार म्हणून उतरवली — कुणाच्या नावावर एकावन्न, कुणाच्या एकशे एक. खरूज, हगवण घेऊन आलेली माणसं माझ्या यादीत दानशूर झाली. खरं सांगू? मला त्यात गंमत वाटत होती.

पुढं आयकराचा माणूस तपासणीला आला. यादीतल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाला, यांना भेटायचं आहे. चपराशी चटकन बोलून गेला, "हा त आपल्या अनसूयाबाईचा नवरा." अनसूयाबाई म्हणजे आमची आया. खापा गावची. फरशी पुसायची, सुया उकळायची. तिला बोलावलं.

"माहा मालक त मांगच मेला, साहेब. याच दवाखान्यात. त्यानं कोठून देले पैसे?" मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, सांगा ना यायले. तुमाले त सारं मालूम आहे."

मालूम होतंच. तो मेला, एवढंच पाहिलं नव्हतं — केसपेपरचं मागचं पान कोण उलटतो?

मी म्हणालो, यांनीच आणून दिले होते. नवऱ्याच्या स्मरणार्थ.

साठ रुपये पगाराची बाई एकशे एक कुठून देणार? फुकटच्या दवाखान्यात रोग्यांकडून उकळले असतील, असं अध्यक्षच म्हणाले — ज्यांना सगळं ठाऊक होतं. त्याच आठवड्यात तिला काढलं. मी भ्यालो होतो का? भ्यालो असतो तर एक वेळ बरं. मला माझी तारीफ जायला नको होती, बस.

शेवटचा पगार घ्यायला ती आली, तेव्हा टेबलाशी मीच होतो.

"भाऊ, मी चोर आहो का?" तिनं विचारलं. अगदी हळू. इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून — की मला लाज वाटू नये म्हणून?

मी रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं आणि म्हणालो, इथं अंगठा लावा.