गोधडीचा घास

"बसत नाय बाय, निघालीच मी," असं म्हणत ती माझ्या दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवायची. दुसरा पाय रस्त्यावर, एक हात शटरच्या कडेला. आणि मग चांगली तासभर तशीच उभी राहायची. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी. बसायला वेळ नसतो, उभ्याने बोलायला मात्र दिवस पुरत नाही.

माझं दुकान तुळिंजच्या एका अरुंद गल्लीत आहे. ब्लाउज, फॉल-पिको, झालंच तर शाळेच्या गणवेशांची दुरुस्ती. एक मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकांसाठी एक प्लास्टिकचं स्टूल. त्या स्टुलावर बसून गल्लीतल्या बायकांनी सासवा काढल्या, जावा काढल्या, एकीने तर नवऱ्याला सोडून जायचं तिथेच ठरवलं आणि तिथेच रद्द केलं. ही एकटी कधी बसली नाही. मी स्टूल पुढे सरकवलं की ते पायानेच परत मागे ढकलायची.

मी तिला मावशी म्हणायचे. खाडीकडच्या गावातली, मिठागरात राबलेल्या घरातली. पाण्याला 'पानी' म्हणायची आणि मला 'बाय'. आमच्या मागच्या चाळीत तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. मागच्या दाराबाहेर, गटार आणि कुंपणाच्या भिंतीच्या मध्ये, माणूस अंग चोरून चालेल एवढी पट्टी. तिला ती वाडी म्हणायची. रंगाचे रिकामे डबे, मासळीबाजारातून आणलेले थर्माकोलचे खोके, त्यांत मोगरा, अबोली, मिरच्या, अळू आणि भिंतीवर चढवलेला वाल. टँकर येईल तेव्हा पाणी यायचं अशी आमची गल्ली, पण तिच्या वाडीला तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कपडे खळबळलेलं असं कुठलं ना कुठलं पाणी मिळायचंच.

माझ्याकडे ती चिंध्यांसाठी यायची. "फेकू नको गं. तुझ्या कचऱ्यात माझी अर्धी गोधडी जाते." मग उभ्या उभ्या पिशवी उपसायची. तिला प्रत्येक तुकडा ओळखता यायचा. "ही बँकेतल्या बाईची ना? अस्तर येवढंसंच उरलं. वाढली वाटतं बाय." मी हसू दाबलं, कारण ती बँकेतली बाई तेव्हा स्टुलावरच बसलेली होती.

आणि बोलता बोलता, वाक्याच्या मध्येच ही गायब. "थांब, आलीच," म्हणायची आणि गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी व्हायची. थोड्या वेळाने परत यायची, पाय पायरीवर, हात शटरला, आणि जिथे सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू. पायाला भिंगरी लावलेली बाई, असं मी मनात म्हणायचे. कधी कधी चीडही यायची. अर्धी गोष्ट ऐकून मी काय करायचं?

तिच्या मुलाचं सगळ्यांना माहीत होतं. वालीवच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. कारखाना बंद झाला. सुरुवातीला तो रोज दाढी करून बाहेर पडायचा, चार ठिकाणी विचारून यायचा. मग दाढी थांबली. मग बाहेर पडणं थांबलं. चाळिशीला आलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. सून दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची, नात शाळेत. दिवसभर घरात मायलेक दोघंच. गल्लीने आपला निकाल देऊन टाकला होता: आळशी आहे, आईने लाडावून ठेवलाय.

एकदा मी चिंध्यांचं गाठोडं द्यायला तिच्या घरी गेले. ती मागच्या पट्टीत उभी होती. दोन इमारतींच्या फटीतून तिथे जे काही ऊन यायचं, ते एका जागी टिकायचं नाही. "अरे, कंबर धरली रे माझी," ती आत बघून ओरडली, "येवढा खोका उचल. ऊन सरकलं." आतून कुरकुर ऐकू आली, मग तो आला, विस्कटलेले केस, सुरकुतलेला सदरा. खोका उचलून उन्हात ठेवला आणि परत जाऊन पडला. मी बसले तेवढ्यात ऊन पुन्हा सरकलं. पुन्हा कंबर, पुन्हा खोका. मला त्या पोराचीच दया आली.

त्याच दिवशी सकाळी मी तिला टँकरवर पाहिलं होतं. भरलेली कळशी कडेवर, दुसरी हातात, आणि वर रांगेत घुसणाऱ्या बाईशी भांडण. "मावशी," मी म्हटलं, "सकाळी तर कंबर चांगली होती."

"ती सकाळची कंबर," ती म्हणाली. "ही दुपारची."

मग तिने गोधडी पसरली. सुई हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, डोळे बारीक केले आणि उसासा टाकला. "रे, ओवून दे जरा. मना काय दिसत नाय आता." तो पुन्हा उठला. सुई ओवून दिली. दोरा ती एवढा आखूड तोडायची की चार टाके घातले की संपला. मला वाटलं, म्हातारपण, दुसरं काय.

आता माझा स्वभाव असा आहे, की कुणाची अडचण दिसली की मला उपाय सुचतो. बाजारात सुई ओवायचं एक पत्र्याचं चिमुकलं साधन मिळतं, पुढे तारेचं टोक असलेलं. सुईच्या नेढ्यात तार घालायची, तारेत दोरा अडकवायचा, ओढायचं, झालं. आंधळ्यालाही जमेल. मी ते आणलं आणि मोठ्या कौतुकाने तिच्या नातीच्या हाती घरी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती पायरीवर थांबलीच नाही. सरळ आत. ते साधन माझ्या कटिंगच्या टेबलावर आपटलं. "तुझं तुझ्याकडे ठेव. मना आंधळी समजलीस काय?"

माझ्या मशीनचा दोरा नेमका सुटलेला होता आणि मी चष्मा शोधत होते. तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि उभ्या उभ्या, वाकूनसुद्धा नाही, पहिल्या झटक्यात मशीनची सुई ओवली.

मग तिचा आवाज उतरला. "कालपासून उठला नाय गं तो. पोरगी म्हनाली, आजी, आता तुला पप्पाची गरज नाय. त्याने ऐकलं नं." तिने शटरकडे बघितलं, जणू आत्ताच पळायचं आहे. "सुई ओवाला तरी उठतो. खोका उचलाला उठतो. येवढंच उठतो, बाय. त्याला एकट्याला टाकून कुठं बसू मी? जिवाचं बरंवाईट केलं म्हंजे?"

तिची भिंगरी, तिचं अर्ध्यावर सोडलेलं बोलणं, ते मागे ढकललेलं स्टूल, सगळ्याचा अर्थ एकदम लागला, आणि खरं सांगते, मला तिथे रडू आलं. तिला रडायला वेळ नव्हता. "निघालीच मी," म्हणाली आणि गेली. त्या साधनाचं मी काय केलं असेल? गटारात टाकलं.

थंडी सरत आली तसं तिने मोगऱ्याची पानं ओरबाडायला घेतली. सगळी. नुसत्या काड्या उरल्या. त्यावर तिचा लेक म्हणे पलंगावरून उठून, कुणी न बोलावता, मागच्या दारात आला. "आई, मारून टाकलंस ना ते झाड!"

"मग बघ रोज, मरतंय का," तिने सांगितलं आणि पाठ फिरवली. आत जाऊन तिने तोंडात पदर कोंबला, हे मला तिनेच उभ्याने सांगितलं.

तो रोज बघू लागला. काय करणार, आईने झाड मारलं होतं. पानं काढली की मोगरा नव्याने फुटतो, तशी शिमग्याच्या आधी काड्यांना पोपटी टोकं फुटली, ती त्यालाच पहिल्यांदा दिसली. मग त्याने खोक्यांना भोकं पाडली. मग जुन्या नळीला बारीक छिद्रं करून सगळ्या डब्यांवरून फिरवली. मशीनवरचा माणूस, हात किती दिवस स्वस्थ बसणार? आणि पुढे एक दिवस भर दुपारी ही धावत दुकानात आली, पदर सुटलेला, चेहरा लालबुंद.

"वरडला गं बाय! माझ्यावर वरडला!"

"कोण?"

"माझा लेक! म्हनाला, आई, किती पानी घालतेस, अक्कल हाय का, मुळं कुजतील! केवढ्यानं वरडला! शेजारीन बाहेर आली!"

मुलाने आईची अक्कल काढली म्हणून आनंदाने नाचणारी आई मी त्या एकाच दिवशी पाहिली. तिने माझ्या हातावर ओंजळभर मोगऱ्याच्या कळ्या ठेवल्या, बँकेतल्या बाईला दोन दिल्या, समोरच्या पाववाल्याला दिल्या. त्या दिवशी ती बसते की काय असं मला वाटलं. पण नाही, निघालीच.

गोधडी तेवढी पुरी होईना. तीन कोपरे कधीच शिवून झाले होते, चौथा उघडा. त्यांच्याकडची रीत अशी, की शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्यात भाकरीचा एक तुकडा घालायचा. गोधडीला घास द्यायचा. उपाशी गोधडी अंगावर घेतली तर झोप लागत नाही म्हणतात.

"मग दे ना घास," मी म्हटलं. "भाकऱ्या काय कमी करतेस?"

"अशी कुठलीबी नाय चालनार. तो कामाला जाईल ना, त्या पयल्या दिवसाच्या डब्यातली पायजे. त्याला बी सांगून ठेवलंय."

ते काम त्याला लवकर मिळालं नाही. तो आता दाढी करून बाहेर पडायचा, रिकाम्या हाताने परत यायचा, पण परत येऊन भिंतीकडे तोंड करायचा नाही, झाडांकडे जायचा. पावसाळा सरता सरता तिला ताप आला. दवाखान्यात नेलं, तिथेही खाटेवरून दोनदा उठून दाराशी गेली म्हणे. ताप उतरला नाही. ती गेली. मला तिचा फार राग आला. एवढी काय घाई होती? चौथा कोपरा तसाच होता.

स्मशानातून आल्यावर तो पलंगावर जाऊन पडला, भिंतीकडे तोंड करून. सून रडत मला म्हणाली, "ताई, मी कामावर कशी जाऊ?"

"तू जा," मी म्हटलं. "मी आहे."

आता मला सांगा, दुकान टाकून मी काय करणार होते? ब्लाउजची बाही अर्धी लावायची, शटर अर्धं ओढायचं आणि मागच्या चाळीत जायचं. कधी साखर मागायला, कधी कात्री विसरली का बघायला. गिऱ्हाइकं वैतागली. बँकेतली बाई म्हणाली, तुमच्या पायाला काय झालंय हल्ली? मी त्याच्या दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहायचे. आत पलंगावर त्याची पाठ दिसायची. ती वरखाली होते आहे ना, एवढं बघायचं.

"बसा ना ताई," तो एकदा भिंतीकडे बघतच म्हणाला.

"बसत नाही रे, निघालेच," माझ्या तोंडून गेलं.

तो वळला. त्याने चौकटीवरच्या माझ्या हाताकडे बघितलं. मग उठला, मागच्या दारी गेला आणि नळीतून पाणी सोडल्याचा आवाज आला.

थंडी सरताना मी कुंपणाच्या भिंतीवरून डोकावले, तर मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरलेल्या. पानं त्याने स्वतः ओरबाडली होती. त्या दिवसापासून मी जरा कमी फेऱ्या मारू लागले.

पाडवा होऊन गेला आणि एका संध्याकाळी तो दुकानात आला. कामणच्या एका गोडाऊनमध्ये काम लागलं होतं, त्या दिवशीच पहिल्यांदा जाऊन आलेला, अंगावर पुठ्ठ्याची धूळ. एका हातात डबा, काखेत गोधडी. डबा उघडला तर आत तांदळाच्या भाकरीचा एक तुकडा, मुद्दाम ठेवलेला, कडेने वाळत आलेला.

"मला टाके येत नाहीत, ताई," तो म्हणाला. "तेवढा कोपरा तुम्ही घाला. सुई मी ओवून देतो."

"अरे, सुई ओवता येते मला."

"माहीत आहे." त्याने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. "तिलाही येत होती. मोगऱ्यावरची कीड दारातून दिसायची तिला. सुई दिसत नाही म्हणे."

त्याने सुई ओवली. दोरा आखूडच तोडला होता, आईसारखा. मी तुकडा आत सारला आणि कोपरा शिवायला घेतला. दोरा चार टाक्यांत संपला, त्याने पुन्हा ओवून दिला. असं करत करत कोपरा बंद झाला. मी गाठ मारली आणि गोधडी त्याच्या हातात दिली. त्यात गल्लीतल्या सगळ्या बायका होत्या, माझ्या लग्नातल्या साडीचा एक काठसुद्धा. तो तिने कधी लांबवला, कुणास ठाऊक.

"बस," मी स्टूल पुढे सरकवलं. "चहा सांगते."

"बसत नाही ताई, निघालोच," तो म्हणाला. "मोगऱ्याला पाणी घालायचंय."

मग गोधडी काखेत धरून, एक पाय पायरीवर आणि एक हात शटरला लावून, गोडाऊनमधल्या गमती सांगत तो अंधार पडेपर्यंत तिथेच उभा राहिला.